कंसातले दोन शब्द

जिनिव्हा, मार्च. सरोवरावरून बोचरा वारा सुटलाय.
तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत
परिच्छेद चौदा अजून पडद्यावर आहे:
"त्यांना सुरक्षितपणे, स्वेच्छेने,
[नागरिक म्हणून]
आपापल्या गावी परतता यावे."

माझं काम एवढंच. कुणी हरकत घेतली
की शब्दाच्या दोन्ही अंगांना चौकोनी भिंती घालायच्या,
हरकत सुटली की पाडायच्या.
माझ्या भाषेत या भिंतींना कंस म्हणतात.
कंसाच्या कैदेतून सुटायचं
तर काळोखी रात्र लागते, पुराला आलेली नदी,
पेंगुळलेले पहारेकरी.
इथे दिवे रात्रभर जळतात
आणि पहारेकऱ्यांना कॉफी फुकट.

सकाळी वरच्या सभागृहात सेनोआरा बोलली होती.
बुथिडाऊंगची. नव्वद सेकंद.
तिच्या बोलीसाठी काचेमागे दुभाषी नव्हता,
जुबैर शेजारी उभा राहिला
आणि नव्वदातले निम्मे त्याच्या वाट्याला गेले.
ती म्हणाली, नाफ नदी ओलांडताना
पोर टोपलीत होतं, टोपली नवऱ्याच्या डोक्यावर,
पाणी त्याच्या हनुवटीला लागलं, आणि
तिथे लाल दिवा लागला. माइक बंद.
पलीकडच्या काठावर कोण पोचलं
ते इतिवृत्तात नाही.

मारेत एस्टोनियाची, दुय्यम सचिव, सर्दीने बेजार,
संध्याकाळपासून त्या दोन शब्दांवर अडून बसलीय.
समोरचे गृहस्थ सभ्य आहेत.
"मॅडम, दोन शब्दांनी कुणाचं पोट भरलंय?
तांदूळ पाठवा, तंबू पाठवा, आम्ही कुठे अडवतो?"
शेजारचा मित्रदेश तिच्या कानाशी लागतो
(त्यांचं बंदराचं कंत्राट जूनमध्ये आहे):
"ताणू नकोस."

मारेत नाक पुसते. म्हणते,
"माझ्या आजीला एकोणपन्नासच्या मार्चमध्ये
गुरांच्या डब्यात घालून नेलं.
नकाशावरून आम्ही पुसले गेलेलो.
तेव्हा आमचा देश कुठे होता, ठाऊक आहे?
परक्या राजधान्यांतल्या थोड्या फायलींत,
एका ओळीत: आम्हाला हे मान्य नाही.
त्या ओळीने आजीला भाकरी दिली नाही.
सैबेरियात सोडवायला कुणी आलं नाही.
पण पुन्हा उभं राहायची वेळ आली
तेव्हा पाय टेकायला ती ओळ होती."

समोरच्यांनी घड्याळ पाहिलं.
कुणीतरी बिस्किटाचा कागद चुरगाळला.

दोन वाजता सौदा जमला.
कंस उठले, पण शब्दही उठले,
चौदाव्यातून निघून प्रस्तावनेत जाऊन बसले,
जिथे "स्मरण करून" आणि "लक्षात घेऊन" राहतात
आणि कुणालाच कामाला लावता येत नाही.
मारेत काही बोलली नाही.
तिने माझ्याकडे एक प्रत मागितली, कागदावर.

पहाटे ट्रामच्या थांब्यावर सेनोआरा, उसन्या कोटात.
तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत
सासऱ्याच्या नावची शेतसाऱ्याची पावती,
घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टीने सांधलेली.
मारेतने ओळीवर बोट ठेवलं.
जुबैरने वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली.
मग विचारलं,
"हे घरात आहे की ओसरीवर?"
जुबैरने मारेतकडे पाहिलं,
मारेतने रुळांकडे.
"ओसरीवर."

सेनोआराने कागदाची घडी पावतीच्या मापाची केली.
"असू दे," म्हणाली,
"आता हाकलायला का होईना,
कुणाला तरी बाहेर यावं लागेल."

ट्राम आली, जवळजवळ रिकामी.
मी तिच्या मागच्याच बाकावर बसलो होतो,
पाच थांबे.
त्या पोराचं विचारायला हवं होतं.